मार्चमध्ये तीर्थनवर ट्राउट: पुण्याच्या ग्रुपसोबत केलेल्या फ्लाय फिशिंग ट्रिपचा रिव्ह्यू

ज्यांना फक्त जाऊ की नको एवढंच विचारायचंय त्यांना आधीच सांगते, जा, पैसे वसूल आहेत, फक्त मार्चची बॅच घेणार असाल तर नदी कशी असते ते समजून घेऊन जा, कारण आमच्या सहा जणांच्या ग्रुपमध्ये चार दिवसांत मिळून अकरा मासे लागले आणि त्यातल्या एकाला शेवटपर्यंत एकही नाही. तरी तो माणूस परत जायचं म्हणतोय. का ते खाली लिहिते, जरा लांबलंय पण ज्याला खरंच जायचंय त्याला उपयोग होईल.

सेवा काय आहे तर पुण्यातलेच दोघं तिघं जण मिळून चालवतात, आधी दोन रविवार पुण्यात मैदानावर कास्टिंग (दोरी फेकणं) शिकवतात आणि मग चार दिवस हिमाचलमध्ये तीर्थन नदीवर घेऊन जातात, तिथं एक लोकल गाईड, होमस्टे, मत्स्य विभागाचं लायसन्स, काठ्या, वेडर्स (पाण्यात उतरायच्या वॉटरप्रूफ पँट) सगळं त्यांचं. पुणे ते तिथपर्यंतचा प्रवास आपला आपण.

मी बाबांना घेऊन गेले होते. बाबा ६७ वर्षांचे, बालपण भोरला गेलं, नीरेवर गळ टाकून मासे धरण्यात. बांबूची काठी, तंगूस, मोरपिसाच्या देठाचा तरंगणारा तुकडा आणि आमिषाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी. रिटायर झाल्यावर पानशेतच्या बॅकवॉटरला जायला लागले, मीही रविवारी सोबत जायचे, तिलापिया नाहीतर नशीब असलं तर रोहू. ट्राउट हा मासा मात्र आम्ही दोघांनीही प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता, आणि आपल्याकडे तो दिसणं शक्यही नाही कारण त्याला थंड पाणी लागतं, १० ते १६ अंश त्याला मानवतं आणि २० च्या वर गेलं की त्याचे हाल सुरू होतात. आपल्या सह्याद्रीतल्या नद्या महसीरच्या, त्यासाठी लोणावळ्याला वळवणला टाटा पॉवरचं पैदास केंद्र आहे, पण ट्राउट बघायचा तर वर हिमालयातच जावं लागतं (नाहीतर दक्षिणेत निलगिरी, मुन्नार).

मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट पहिल्या फोनलाच झाली. मी विचारलं की मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातली बॅच घेऊ का एप्रिलची, तर त्यांनी सरळ सांगितलं की ताई, मासे जास्त हवे असतील तर एप्रिल नाहीतर सप्टेंबर ऑक्टोबर घ्या, मार्चमध्ये पाणी खूप थंड असतं, मासा तळाशी बसून असतो, दिवसातले तीन चार तासच खरे कामाचे, पण पाणी काचेसारखं स्वच्छ असतं, नदीवर गर्दी नसते आणि शिकायला त्यासारखा महिना नाही. सीट भरायच्या असताना असं कोण सांगतं हो! बाबा बाजूलाच होते, स्पीकरवर ऐकत होते, म्हणाले, "अगं, हा माणूस खरं बोलतोय, ह्याच्यासोबतच जाऊ, मार्चच घे."

आता पुण्यातले क्लास. कोथरूडमधल्या एका मैदानावर सकाळी सात ते दहा. ज्यांना फ्लाय फिशिंग म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, आपल्या नेहमीच्या गळात शिसं नाहीतर आमिषाचं वजन असतं आणि त्या वजनामुळे दोरी लांब जाते, इथं उलटं, फ्लाय म्हणजे हुकवर पिसं आणि दोरा गुंडाळून बनवलेला कीटक, त्याला वजन जवळजवळ नसतंच, त्यामुळे दोरीलाच वजन दिलेलं असतं आणि आपण दोरी फेकतो, फ्लाय तिच्या मागून जाते. आम्हाला ९ फुटी ५ वेटच्या काठ्या दिल्या होत्या. हे ५ वेट म्हणजे काय हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, लाइनच्या पुढच्या ३० फुटांचं वजन साधारण ९ ग्रॅम. नऊ ग्रॅम! आणि त्या नऊ ग्रॅमनी काठी अशी वाकते की खांद्यापर्यंत जाणवतं.

हुकच्या जागी लोकरीचा पिवळा तुकडा बांधून गवतावर सराव. काठी घड्याळाच्या १० वर थांबवायची, मागे २ वर थांबवायची, मध्ये जोर हळूहळू वाढवायचा, आणि मागे लाइन पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं. हे थांबणं सगळ्यांना अवघड गेलं, सोपं गेलं ते बाबांना, त्यांना एकदाच सांगावं लागलं. सकाळी चालायला येणारे दोन आजोबा रोज थांबून बघायचे, दुसऱ्या रविवारी त्यातल्या एकांनी काठी हातात घेऊन दोन चार कास्ट केले, आणि दादांनी (ग्रुप चालवणारे, सगळे त्यांना दादाच म्हणतात) त्यांनाही तितक्याच मनापासून शिकवलं, ते काही कस्टमर नव्हते.

तक्रार एक आहे इथं. पहिल्या रविवारी क्लास सातचा होता तो आठला सुरू झाला, काठ्या घेऊन येणारी गाडीच आली नाही वेळेवर, आणि एक मेसेज टाकायला काय हरकत होती. ज्येष्ठ माणसं सकाळी साडेसहाला येऊन उभी होती. दुसऱ्या रविवारी वेळेत.

रोल कास्ट मात्र त्यांनी अजून शिकवायला हवा होता. मागे झाडं असली की लाइन मागे न टाकता पाण्यावरूनच गोल वळवून पुढे फेकायची ही पद्धत, गवतावर नीट जमत नाही कारण त्याला पाण्याची पकड लागते, तर दुसरा क्लास खडकवासल्याला काठावर घेतला असता तर बरं झालं असतं. तीर्थनवर निम्म्या जागी मागे अल्डरची झाडं नाहीतर कडा, तिथं रोल कास्टशिवाय गत्यंतर नाही. हे त्यांना सांगितलंय.

प्रवासाचं जास्त लिहीत नाही. बाबांना विमान नको होतं म्हणून आम्ही झेलमनं अंबाल्याला उतरलो आणि तिथून गाडी, बाकीचे दिल्लीहून रात्रीच्या व्होल्वोनं आले. औटच्या बोगद्याच्या अलीकडे मनालीचा रस्ता सोडायचा, लारजीला तीर्थन आणि सैंज ब्यासला मिळतात ते दिसतं, मग बंजार, मग गुशैणी. आमचा होमस्टे गुशैणीच्या थोडा अलीकडे, उंची साधारण १६०० मीटर. आडूची (पीचची) झाडं गुलाबी झालेली आणि वरच्या डोंगरांवर अजून जाड बर्फ. बाबा गाडीतून उतरले ते बॅग सोडून थेट नदीकडे गेले.

पहिली सकाळ. आम्ही सगळे सहाला उठून तयार, कारण आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की मासेमारी म्हणजे पहाट. आणि दादा आरामात चहा पितायत. म्हणाले नऊला जाऊ फक्त बघायला, काठी साडेदहाला. नऊला नदीवर गेलो तर त्यांनी खिशातून दोरी बांधलेला थर्मामीटर काढला, पाण्यात दोन मिनिटं धरला, वर काढून बाबांच्या हातात दिला. ५ अंश.

पुण्यात डिसेंबरच्या पहाटे गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंगावर घेताना आपण ओरडतो ना, ते याच्यापुढे कोमट.

मग त्यांनी जे समजावलं ते माझ्यासाठी ह्या ट्रिपचं सार आहे. माशाचं रक्त पाण्याच्या तापमानाचंच असतं, पाणी ५ अंश म्हणजे त्याचं शरीर ५ अंश, पचन मंद, हालचाल मंद, त्यामुळे तो जोराच्या धारेत उभा राहून ताकद घालवत नाही, खोल डोहात, मोठ्या धोंड्याच्या मागे, जिथं वेगवान पाणी आणि संथ पाणी एकमेकांना घासून जातं त्या शिवणीच्या आतल्या बाजूला तळाशी बसून राहतो, आणि खाणं अगदी नाकासमोरून गेलं तरच तोंड उघडतो. दोन फूट बाजूनं गेलं तर येत नाही. दुपारी ऊन दरीत उतरलं की पाणी दोन तीन अंशांनी वाढतं, ८ च्या आसपास गेलं की कीटक हलायला लागतात आणि मासाही. म्हणजे घड्याळ नाही बघायचं, थर्मामीटर बघायचा. बाबांनी तो थर्मामीटर त्यानंतर चार दिवस परत दिलाच नाही, दर तासाला मोजून वहीत लिहायचे: ९ वाजता ५, ११ ला ६, साडेबाराला साडेसात, दीडला साडेआठ.

मग गाईड भैयांनी गुडघाभर पाण्यातला एक दगड उचलून उलटा केला. खाली सगळं जिवंत! चपट्या अंगाच्या, तीन शेपट्यांच्या मेफ्लायच्या अळ्या, दोन शेपट्यांची जरा मोठी स्टोनफ्लायची, आणि बारीक खड्यांची नळी बनवून त्यात राहणारी कॅडिसची अळी, ती नळी बघून तर मी थक्कच झाले, एकेक खडा चिकटवलेला, गवंड्यानं रचल्यासारखा. बाबा म्हणाले नीरेतही असे दगडाखाली किडे असायचे पण आम्ही कधी विचार नाही केला की मासा हेच खातो, आम्ही घरून कणीक न्यायचो. मग भैयांनी फ्लायचा डबा उघडून त्या अळीच्या शेजारी फेझंट टेल निम्फ (निम्फ म्हणजे पाण्याखालच्या अळीसारखी बांधलेली फ्लाय) ठेवली आणि दोन्हीत फरक सांगा म्हणाले. इंग्लंडमध्ये एव्हन नदीवर राखणदार असलेल्या फ्रँक सॉयरनं बांधलेली ही फ्लाय, तितराच्या जातीच्या पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची तार, बस. ती तार वजनासाठी, म्हणजे फ्लाय तळाशी जाते. आमच्या डब्यात त्याच्यावर टंगस्टनचा मणी लावलेल्याही होत्या, मार्चमध्ये त्याच चालतात, १४ आणि १६ नंबरच्या. हेअर्स इअर नावाच्या निम्फ पण होत्या. (नंबर जितका मोठा तितका हुक लहान, हे माझ्या डोक्यात उलटंच होतं.)

टेकनिक असं की दोन निम्फ, वर एक छोटा रंगीत इंडिकेटर, प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकायचं आणि ती अळी जशी आपोआप वाहत येईल तशीच वाहू द्यायची, लाइननं तिला ओढता कामा नये. लाइनचा पोटाचा भाग जोराच्या धारेत अडकला की निम्फ पळायला लागते आणि मासा बघतसुद्धा नाही, म्हणून काठीच्या टोकानं लाइन उचलून धारेच्या वरच्या बाजूला ठेवायची, त्याला मेंडिंग म्हणतात. इंडिकेटर बघून बाबांना एकदम घरी आल्यासारखं झालं, "हे तर आमचं मोरपीसच की!"

पहिल्या दिवशी ग्रुपमध्ये कोणालाच काही नाही. मला तीन वाजेपर्यंत पायाची बोटं जाणवत नव्हती. पण कंटाळा आला असं एक मिनिट नाही झालं, पाणी इतकं स्वच्छ की चार फुटांवरचा तळ दिसतो, खंड्यासारखा पण तपकिरी आणि गुबगुबीत डिपर नावाचा पक्षी सरळ पाण्यात बुडी मारून तळाशी चालतो आणि त्याच अळ्या खाऊन वर येतो, माझ्यापासून दहा फुटांवर. भैया म्हणाले डिपर जिथं सतत खातोय तिथं किडे भरपूर, तिथं मासाही असणार. दुसऱ्या दिवशी मी तिथंच उभी राहिले.

दुसरा दिवस ढगाळ, मधूनच भुरभुर पाऊस, आम्हाला वाटलं दिवस गेला. दादा मात्र खूश. साडेबाराला बाबांच्या वहीत ७, आणि एकच्या सुमाराला डोहाच्या शेपटाकडे पाण्यावर बारीक राखाडी माश्या दिसायला लागल्या, शिडाच्या होडीसारखे उभे पंख, ब्लू विंग्ड ऑलिव्ह. ढगाळ हवेत त्यांचे पंख लवकर वाळत नाहीत म्हणून त्या जास्त वेळ पाण्यावरच वाहत राहतात आणि ट्राउटला आयतंच मिळतं. आणि मग पहिली वर्तुळं. मी आयुष्यात पहिल्यांदा ट्राउटला वर येताना बघितलं. आवाज नाही, उडी नाही, फक्त नाकाचं टोक आणि एक गोल पसरत जाणारी रेघ.

भैयांनी निम्फ कापून १८ नंबरची, पाण्यावर तरंगणारी पॅराशूट अ‍ॅडम्स बांधली, टिपेट (फ्लाय बांधायचा शेवटचा बारीक दोरा) ५ एक्स, म्हणजे जाडी ०.१५ मिलिमीटर, थंड बोटांनी ती गाठ मला तरी बांधता आली नसती. पाचवा का सहावा कास्ट असेल, फ्लाय त्या शिवणीवरून उतरत आली आणि गेली, म्हणजे दिसेनाशी झाली, मी काठी उचलली आणि पलीकडून कोणीतरी जिवंत ओढतंय हे हाताला कळलं. साडेदहा इंची ब्राऊन ट्राउट. पिवळट सोनेरी पोट, अंगावर काळे आणि लाल ठिपके, लाल ठिपक्याभोवती फिकट कडा, जणू कोणी बारीक ब्रशनं काढलीये. जाळीतच पाण्यात ठेवून बघितला, हात ओले करून धरायचा कारण कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि मग बुरशी लागते, आमच्या हुकला उलटा काटा नव्हताच त्यामुळे सहज निघाला. हातातून सुटून तो लगेच पळाला नाही, माझ्या बुटांशेजारी मिनिटभर थांबला, मग गेला. मी रडले, खरंच.

बाबांना त्याच डोहात खालच्या अंगाला एक लागला होता. त्यांचा गुडघा दुखतो म्हणून भैयांनी त्यांना पाण्यात न उतरवता एका सपाट खडकावर उभं केलं होतं, रोल कास्टसाठी. इंडिकेटर बुडाला आणि बाबांनी नीरेवरच्या सवयीनं जोरात हिसका मारला, ०.१५ चा दोरा, तुटला. ते काहीच बोलले नाहीत. भैयांनी पण काही शिकवणी दिली नाही, शांतपणे नवीन बांधायला घेतलं आणि एवढंच म्हणाले, "बाबूजी, इसको सिर्फ़ उठाना है, मारना नहीं." माणसाचा स्वभाव कळतो अशा वेळी. मी एवढ्यासाठीसुद्धा ह्या लोकांना पाच स्टार देईन.

तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन आणि आम्हाला वाटलं आज तर मजाच. झाली, पण फक्त दोनपर्यंत. बाबांना दीड वाजता नऊ इंची ब्राऊन लागला, ह्या वेळी नुसती काठी उचलली, मासा जाळीत आल्यावर त्यांनी टोपी काढून खडकावर ठेवली, का ते मला माहीत नाही. अडीचला बाबांनीच सांगितलं की पाणी ८ वरून साडेसहावर आलंय. आम्ही कोणी लक्ष दिलं नाही. दहा मिनिटांनी बघते तर ज्या दगडावर मी पाण्याची रेघ लक्षात ठेवली होती तो चार बोटं बुडालेला आणि पाण्याला दुधट झाक. वरचा बर्फ सकाळच्या उन्हानं वितळतो ते पाणी खाली पोहोचायला दुपार होते, म्हणजे हवेत सगळ्यात गरम वाटतं तेव्हाच नदी थंड व्हायला लागते. त्यानंतर एकही मासा नाही. एप्रिलच्या शेवटी आणि मे महिन्यात हेच बर्फाचं पाणी इतकं वाढतं की कित्येक दिवस नदीत उतरता येत नाही म्हणे. म्हणून मार्चमध्ये ढगाळ दिवस चांगला की उन्हाचा ह्याचं सरळ उत्तर नाही, ढगाळ असेल तर पाणी कमी तापतं पण दिवसभर स्थिर राहतं, ऊन असेल तर लवकर तापतं पण दुपारनंतर बर्फ येतो. दोन्ही दिवस एकाच ट्रिपमध्ये मिळाले हे आमचं भाग्य.

एक गोष्ट मुद्दाम लिहिते कारण बाकीचे लोक तिकडे जाऊन हे पाळत नाहीत असं मी दोनदा बघितलं. हिमाचलमध्ये ट्राउटची मासेमारी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंद असते कारण ब्राऊन ट्राउट थंडीत अंडी घालतो, मादी शेपटीनं खडी उकरून त्यात अंडी घालते आणि वरून परत खडी लोटते. १ मार्चला सीझन उघडतो पण अंडी काही कॅलेंडर बघत नाहीत, ५ अंशाच्या पाण्यात पिल्लू बाहेर यायलाच अडीच पावणेतीन महिने लागतात आणि नंतरही ते काही आठवडे खडीतच असतं. म्हणजे मार्चमध्ये आपण पाण्यात चालतो तेव्हा पायाखाली पिल्लं असू शकतात. दादांनी पहिल्याच दिवशी दाखवलं, डोह संपतो तिथल्या उथळ खडीत जो भाग आजूबाजूपेक्षा उजळ, धुतल्यासारखा दिसतो तिथं पाय ठेवायचा नाही, लांबचा वळसा पडला तरी चालेल. शेजारी दुसऱ्या कुठल्यातरी ग्रुपची मंडळी नेमकी तिथूनच फोटो काढत ये जा करत होती. आमच्या भैयांनी जाऊन हात जोडून सांगितलं त्यांना.

हा मासा मुळात इथला नाही हेही त्यांनी लपवलं नाही, इंग्रजांनी आधी काश्मीरमध्ये आणला आणि १९०९ च्या सुमाराला हॉवेल नावाच्या अधिकाऱ्यानं कुलू भागात महिलीला हॅचरी काढून इथल्या नद्यांत सोडला. नदी वर ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमधून येते, २०१४ पासून ते युनेस्कोच्या यादीत आहे, त्यामुळे पाणी इतकं स्वच्छ. आपल्या मुठेच्या काठी राहणाऱ्या माणसाला ते पाणी बघून आधी आनंद होतो आणि मग बराच वेळ काही बोलावंसं वाटत नाही.

आता सामान, इथं त्यांनी सुधारायला हवंच. काठ्या आणि रील चांगल्या, लाइन स्वच्छ, फ्लाय भरपूर. पण वेडर्स! बाबांना दिलेल्या जोडीला डाव्या गुडघ्याच्या मागे छिद्र होतं, नशीब ते जास्त पाण्यात उतरले नाहीत, तरी पहिल्या दिवशी मोजा ओला, ६७ वर्षांच्या माणसाला ५ अंशाच्या पाण्यात ओला मोजा म्हणजे गंमत नाही. सांगितल्यावर लगेच दुसरी जोडी दिली, माफीही मागितली, पण निघायच्या आधी प्रत्येक जोडी पाणी भरून तपासायला काय लागतं. आणि बायकांच्या मापाचे बूट नाहीतच. माझा पाय ५ नंबर, त्यांच्याकडे सगळ्यात लहान ७. दोन दोन लोकरीचे मोजे घालून चार दिवस काढले, घसरड्या गोट्यांवर सैल बूट म्हणजे प्रत्येक पावलाला भीती, दोनदा पाय मुरगळता मुरगळता राहिला. बुकिंगच्या फॉर्ममध्ये बुटाचं माप विचारलं होतं, मी लिहिलं होतं, मग विचारलं कशाला. ग्रुपमधल्या दुसऱ्या मुलीचीही हीच रड. फ्लाय फिशिंग करणाऱ्या बायका कमी असतील, पण येतायत, तर बूट ठेवा.

होमस्टे साधा, स्वच्छ. खोलीत हीटर नाही, तंदूर शेगडी जेवणाच्या खोलीत, संध्याकाळी सगळे तिच्याभोवती. सिड्डू (तिकडचा वाफवलेला पाव) तुपासोबत, राजमा, एके दिवशी फार्ममधला ट्राउट मोहरीच्या तेलात तळून (नदीतला एकही मासा आम्ही ठेवला नाही, सगळे सोडले). बाबांना सकाळी पोहे हवे होते तर तिथल्या भाभींनी माझ्याकडून विचारून विचारून केले, मोहरी हळद सगळं, फक्त कढीपत्ता नव्हता.

खर्च आम्हाला माणशी २८ हजार पडला, क्लास, लायसन्स, राहणं, जेवण, सामान धरून, प्रवास वेगळा. स्वस्त नाही. पण दोन माणसांमागे एक शिकवणारा सतत बाजूला होता आणि चार दिवसांत कोणीही घाई केली नाही, तेव्हा मला जास्त वाटले नाहीत.

जाणार असाल तर बोटं उघडी राहतील असे लोकरीचे हातमोजे आणि पोलराइज्ड गॉगल स्वतःचा न्या, गॉगलशिवाय पाण्यातलं काहीच दिसत नाही आणि त्यांच्याकडे दोनच आहेत. गुडघ्याचा त्रास असेल तर आधी सांगा, बाबांसाठी रोज वेगळी जागा शोधली त्यांनी. लहान मुलांना मार्चमध्ये नका नेऊ, थंडी फार. आणि ज्याला दिवसाला दहा मासे लागल्याशिवाय चैन पडत नाही त्यानं पण नका घेऊ ही बॅच, उगाच त्या लोकांना कमी स्टार मिळतील.

बाबांनी आल्याआल्या लक्ष्मी रोडला फिरून एक थर्मामीटर घेतला. गेल्या रविवारी पानशेतला २७ अंश आलं, वहीत तीर्थनच्या खालीच लिहून ठेवलंय. निम्फ लावून दोन तिलापिया पण धरले त्यांनी, नुसती काठी उचलून.

बुटांबद्दल मी ट्रिपनंतर मेसेज केला होता, काल उत्तर आलं की ४, ५ आणि ६ नंबरचे दोन दोन जोड मागवलेत आणि सप्टेंबरच्या बॅचपर्यंत येतील. बायकांनी बुकिंग करताना आले का ते विचारूनच पैसे भरा. मी सप्टेंबरमध्ये जाणार आहे, आल्यावर इथंच लिहीन.